दारू सुटल्यानंतर : एका माणसाच्या तीन व्यसनांचा प्रकरण अभ्यास

दाखल होताना तक्रार एका ओळीची होती : पहाटे फिट आली, याआधी कधी आली नव्हती. वय ४३, पुरुष, कारखान्यात फिरत्या पाळीचा सुपरवायझर, विवाहित, एक मुलगी. सोबत पत्नी आणि थोरला भाऊ. भावाने डॉक्टरांना आपणहून सांगितलं, "दारू सुटून चौदा महिने झालेत, त्यामुळे तो प्रश्नच नाही. मोबाइलवर पैसे लावायचा नाद लागलाय. तो मी परवाच बंद केला."

बंद केला म्हणजे काय केलं, हे विचारल्यावर खरी माहिती बाहेर आली. भावाने मोबाइल काढून घेतला होता आणि गादीखाली सापडलेल्या झोपेच्या गोळ्यांच्या पट्ट्या बेसिनमध्ये रिकाम्या केल्या होत्या. एकदाच काय ते सगळं बंद, असा विचार. पहिल्या दिवशी चिडचिड आणि घाम, दुसऱ्या दिवशी हातांना कंप आणि रात्रभर टक्क जाग, तिसऱ्या दिवशी पहाटे फिट.

हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. यातला माणूस कुणी एक नाही. व्यसनोपचारात पुन्हा पुन्हा दिसणारे धागे एका आयुष्यात गुंफले आहेत, म्हणून त्याला नावही दिलेलं नाही. हे धागे निवडण्यामागे कारण आहे. दारू, गोळी आणि जुगार ही तीन वेगळ्या जातींची व्यसनं याच्याकडे एकामागून एक आली, आणि प्रत्येक वेळी घरच्यांनी, डॉक्टरांनी आणि त्याने स्वतःही समोर दिसणारी वस्तू तेवढी काढून घेतली. ती वस्तू त्याच्या रात्रींचं काय करत होती, हा प्रश्न बरीच वर्षं कुणी विचारला नाही.

बाटली

सव्विसाव्या वर्षी फिरती पाळी सुरू झाली. आठवडाभर रात्रपाळी, मग सकाळची, मग दुपारची. रात्रपाळी करून आल्यावर दिवसाउजेडी झोप लागायची नाही. सहकाऱ्याने सुचवलं, दोन पेग घे आणि पड. उपाय लागू पडला. इथे खोटं बोलण्यात अर्थ नाही : दारूने झोप लवकर लागते. पण तिची किंमत झोपेच्या उत्तरार्धात वसूल होते. शरीर दारूचा निचरा करू लागलं की झोप तुटायला लागते, आणि आधीच्या टप्प्यात दबलेली स्वप्नांची झोप अस्ताव्यस्त होते. तीन-चार तासांनी तो जागा व्हायचा, छाती धडधडत असायची. मग आणखी एक पेग.

पंधरा वर्षांत हे दोन पेग दीड दिवसाला ७५० मिलीच्या एका बाटलीपर्यंत पोहोचले. शेवटच्या दोन वर्षांत पाळीवर जाण्याआधी हाताचा कंप थांबवण्यासाठी एक घोट लागायचा. व्यसन आहे हे त्याला मान्य नव्हतं, आणि त्याचा मुद्दा घरच्यांनाही पटत होता : कामावर खाडा नाही, शिवीगाळ नाही, रस्त्यावर पडणं नाही. व्यसनाची आपली मोजपट्टी बहुतेक वेळा तमाशाची असते. तमाशा न करणारा माणूस त्यामुळे उशिरा उपचाराला येतो.

जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे, ४० गुणांची. ८ आणि त्यापुढे धोक्याची सूचना, २० आणि त्यापुढे अवलंबित्वाची दाट शक्यता. त्याचे गुण २९ आले. त्याआधी तीन-चारदा त्याने घरीच, कुणाला न सांगता, एका झटक्यात दारू सोडून पाहिली होती. प्रत्येक वेळी त्रास आधीपेक्षा जास्त झाला होता. हा योगायोग नव्हता. दारू पुन्हा पुन्हा अचानक तोडली की मेंदूची प्रतिक्रिया प्रत्येक खेपेला अधिक तीव्र होत जाऊ शकते, आणि पुढच्या वेळी फिट येण्याचा धोका वाढतो. चौदा महिन्यांनंतर आलेल्या फिटच्या मागे हा इतिहासही होता.

दारूसाठी तो दाखल झाला तेव्हाचे उपचार मात्र नेटके होते. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत कंप, पहिल्या दोन दिवसांत फिटचा धोका, साधारण दोन ते चार दिवसांत भ्रम आणि बेभान अवस्थेची भीती. हे वेळापत्रक डॉक्टरांना ठाऊक असतं. क्लोरडायझेपॉक्साइड हे मेंदू शांत करणारं औषध भरपूर मात्रेने सुरू करून आठवड्यात उतरवलं. थायमिनची इंजेक्शनं पहिल्याच दिवसापासून दिली, कारण या जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारं मेंदूचं नुकसान काही वेळा कायमचं राहतं. दहा दिवसांत माणूस हिंडू-फिरू लागला. घरी जाताना डायसल्फिराम दिलं. हे औषध घेतलेलं असताना दारू प्यायली तर अ‍ॅसिटाल्डिहाइड हे दारूपासून बनणारं विषारी रसायन शरीरात साठतं आणि चेहरा लाल होणं, उलट्या, धडधड असा जबर त्रास होतो. त्याला हे नीट समजावून, त्याची संमती घेऊन गोळी सुरू झाली. पत्नी रोज सकाळी समोर उभी राहून द्यायची. (काही घरांत ही गोळी माणसाला न सांगता अन्नात कालवली जाते. हा विषप्रयोगाच्या जवळ जाणारा प्रकार आहे. ज्याला गोळीचा पत्ता नाही तो नेहमीप्रमाणे पिणार, आणि रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं.)

घरी सोडताना सल्ला मिळाला, "आता मन घट्ट ठेवा." मन तो घट्ट ठेवणारच होता. पण झोपेबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

गोळी

दीर्घकाळ प्यायल्यानंतर दारू सोडणाऱ्या अनेकांची झोप कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने विस्कटलेली राहते. हे अपेक्षित असतं, ते ओसरतं, आणि त्या काळात पुन्हा पिण्याचा धोकाही वाढतो. एवढं एक वाक्य त्याला आणि पत्नीला आधी सांगितलेलं असतं, तर या प्रकरणाचा उरलेला भाग कदाचित वेगळा झाला असता. त्याने मात्र असा अर्थ काढला की आपल्यातच काहीतरी कायमचं बिघडलंय.

दुसऱ्या महिन्यात तो एका डॉक्टरांकडे झोप येत नाही म्हणून गेला. दारूबद्दल त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तरी आपण सांगितलं नसतं, असं तो नंतर म्हणाला. अल्प्राझोलम ०.५ मिलिग्रॅम, रात्री एक, पंधरा दिवस. पहिल्या रात्री तो सात तास झोपला. त्याच्याच शब्दांत, "पंधरा वर्षांनी कुणीतरी डोक्याचं बटण बंद केलं."

अल्प्राझोलम, डायझेपाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम ही सगळी बेन्झोडायझेपाइन कुळातली औषधं. या कुळातलं पहिलं औषध, क्लोरडायझेपॉक्साइड, १९६० मध्ये बाजारात आलं. मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाच्या ज्या ग्राहींवर (पेशींवरच्या, ते रसायन पकडणाऱ्या जागांवर) ती काम करतात, त्यांवर दारूही काम करते. दारूच्या विड्रॉवलमध्ये, म्हणजे ती थांबल्यावर होणाऱ्या त्रासात, ही औषधं उपयोगी पडतात ती त्यामुळेच. आणि दारू नुकतीच सुटलेल्या माणसाला ती महिनोन्महिने दिली, तर मेंदूच्या दृष्टीने एका ओळखीच्या पाहुण्याच्या जागी त्याचा सख्खा भाऊ राहायला आला एवढाच फरक.

सवय होत गेली तशी मात्रा वाढली. अर्ध्याचा एक, एकाचे दोन. एका डॉक्टरांची चिठ्ठी, मग दुसऱ्यांची, मग ओळखीच्या औषध दुकानातून चिठ्ठीशिवाय. वर्षभरात दिवसाला ४ मिलिग्रॅम, तेही तीन-चार वेळांत विभागून, कारण दुपारीच बेचैनी सुरू व्हायची. घरात कुणाला शंका आली नाही. गोळीला वास येत नाही, गोळी घेऊन हा झोकांड्या देत नव्हता, आणि ती औषधाच्या पाकिटातून येते. नातेवाईक तर त्याचं उदाहरण देत होते : बघा, याने दारू सोडून दाखवली.

मोबाइल

अल्प्राझोलमचा असर तुलनेने लवकर ओसरतो. पहाटे तीनच्या सुमाराला त्याची झोप पुन्हा मोडू लागली. घर शांत, दारू नाही, पुढची गोळी सकाळी. हाताशी मोबाइल. सुरुवात सामन्यांवर पैसे लावण्यापासून झाली. पृथ्वीच्या कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यात त्या क्षणी सामना चालूच असतो, त्यामुळे रात्री तीनलाही खेळ संपलेला नसतो. तिसऱ्या आठवड्यात त्याला जवळपास महिन्याच्या पगाराएवढी रक्कम जिंकून मिळाली. ही जीत हरण्यापेक्षा महाग पडली.

जुगारात शरीरात काहीच जात नाही, मग ते व्यसन कसं, असं भावाने विचारलं. प्रश्न रास्त आहे, आणि मानसोपचाराच्या वर्गीकरणानेही त्याचं उत्तर द्यायला वेळ घेतला. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत विकृत जुगार १९८० मध्ये प्रथम आला, तो आवेग-नियंत्रणाचा विकार म्हणून. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत तो दारू-अफूच्या रांगेत, व्यसनांच्या प्रकरणात नेऊन बसवला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणातही जुगार आणि डिजिटल गेमिंग हे दोन विकार व्यसनी वर्तनाखाली आहेत.

याचं कारण मेंदूच्या वागण्यात आहे. १९९० च्या दशकात मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्त्स यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की डोपामिनच्या पेशी बक्षिसापेक्षा बक्षिसाच्या अनपेक्षितपणाला जास्त प्रतिसाद देतात. आणि एकदा शिकवण झाली की प्रतिसाद बक्षिसाकडून त्याच्या चाहुलीकडे सरकतो. दारूड्याला ग्लासाचा किणकिणाट, जुगाऱ्याला नोटिफिकेशनचा टिणकार. त्यात जुगाराचं बक्षीस कधी येईल हे ठरलेलं नसतं, आणि अनिश्चित अंतराने मिळणाऱ्या बक्षिसाने लागलेली सवय सगळ्यात चिवट असते. थोडक्यात हुकलेली बाजीही गप्प बसू देत नाही : ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं की 'जवळजवळ जिंकलो' असा निकाल मेंदूच्या जिंकण्याशी निगडित भागांना चेतवतो, खेळणाऱ्याला तो आवडत नसला तरीही.

न आवडणं आणि तरीही हवं असणं, यातली फट रॉबिन्सन आणि बेरिज या संशोधकांनी १९९३ मध्ये मांडली. व्यसनात 'हवंहवंसं वाटणं' वाढत जातं. 'आवडणं' तेवढं वाढत नाही, बऱ्याचदा घटतं. या माणसाला शेवटच्या सहा महिन्यांत खेळताना मजा येत होती का, असं विचारलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला. म्हणाला, "मजा? नाही. पण तेवढा वेळ बाकी काही आठवायचं नाही."

कर्जाची बेरीज त्याच्या चौदा महिन्यांच्या पगाराएवढी निघाली. पत्नीला त्यातला तिसरा हिस्सा ठाऊक होता.

निदान

मेंदूचं स्कॅन, साखर, क्षार हे सगळं तपासून फिटची दुसरी कारणं आधी बाजूला सारली. मग निदान असं लिहिलं गेलं : बेन्झोडायझेपाइन अचानक थांबवल्याने आलेली फिट, त्याच औषधाचं तीव्र व्यसन, दारूचं तीव्र व्यसन, सध्या मुक्त, जुगाराचा विकार, मध्यम ते तीव्रच्या सीमेवर, तंबाखूचं अवलंबित्व. शेवटची नोंद डॉक्टरांनी केली तेव्हा पत्नीला आश्चर्य वाटलं. रोज वीस सिगारेटी आणि उठल्यापासून पाच मिनिटांत पहिली, याला घरात कुणी व्यसन म्हणत नव्हतं.

एका बारकाव्यावर इथे थांबायला हवं, कारण तो घरोघरी चुकतो. शरीराला सवय होणं आणि व्यसन लागणं या दोन गोष्टी आहेत. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच अनेक महिने अशी गोळी घेणाऱ्या रुग्णालाही ती अचानक बंद केली तर विड्रॉवल होतो. म्हणून तो व्यसनी ठरत नाही. व्यसन ठरतं ते ताबा सुटण्यावरून : ठरवल्यापेक्षा जास्त घेणं, कमी करण्याचे प्रयत्न फसणं, तलफ, जबाबदाऱ्या मागे पडणं, नुकसान दिसत असून चालू ठेवणं. पदार्थांच्या व्यसनासाठी अशा अकरा निकषांपैकी दोन-तीन असतील तर सौम्य, चार-पाच मध्यम, सहा किंवा अधिक तीव्र. जुगाराचे निकष नऊ, आणि त्यांतले किमान चार वर्षभरात दिसावे लागतात. याच्यात सात होते. हरलेले पैसे परत मिळवण्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळणं आणि किती गेले याबद्दल खोटं बोलणं, हे दोन त्याने सगळ्यात उशिरा कबूल केले.

समुपदेशक बाईंनी आणखी एक प्रश्न सरळ विचारला : जीव द्यायचा विचार येतो का? कर्जात बुडालेल्या जुगाऱ्यांमध्ये हा धोका मोठा असतो आणि विचारल्याने तो वाढत नाही. त्याने सांगितलं की गेल्या महिन्यात विम्याचे कागद काढून वाचले होते. त्या दिवसाचं बाकीचं सगळं काम बाजूला ठेवून सुरक्षेची योजना आधी लिहिली गेली : कुणाला फोन करायचा, घरात काय ठेवायचं नाही, रात्री एकटं कधी राहायचं नाही.

आधी काय?

घरच्यांची घाई जुगाराबद्दल होती. ते साहजिक आहे. वसुलीचे फोन त्यांनाच येत होते. पण सगळ्यात ठळक दिसणारं व्यसन आणि सगळ्यात धोकादायक व्यसन एकच असेल असं नाही. अफू किंवा हेरॉइन अचानक थांबलं तर यातना भयंकर होतात, पण धडधाकट माणूस त्या विड्रॉवलने सहसा मरत नाही. तिथला मोठा धोका पुढे असतो, सहनशक्ती उतरलेली असताना जुन्याच मात्रेने पुन्हा घेतलं तर श्वास थांबू शकतो. निकोटिन थांबलं तर चिडचिड, भूक, अस्वस्थता. जुगार थांबला तर बेचैनी आणि निद्रानाश. दारू आणि बेन्झोडायझेपाइन यांचं मात्र अचानक थांबणं थेट जीव घेऊ शकतं. भावाने मोबाइल काढून घेतला हे ठीक होतं. गोळ्या बेसिनमध्ये टाकणं नव्हे. हे त्याला सांगताना बाईंनी दोषाचा सूर लावला नाही. "दादा, तुम्ही दोन्ही गोष्टी एकसारख्या समजलात. बहुतेक लोक समजतात."

म्हणून जी गोळी सोडायची तीच आधी पुन्हा सुरू करावी लागली, वेगळ्या रूपात. अल्प्राझोलमऐवजी शरीरात जास्त वेळ टिकणारं डायझेपाम, स्थिर मात्रेत, आणि मग टप्प्याटप्प्याने घट. साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के, असा सावकाश उतार. घरच्यांना हे अजिबात पटलं नाही. "दहा महिने गोळ्या देणार? मग उपचार कसला?" असं पत्नी म्हणाली, आणि तिचा वैताग समजण्यासारखा होता. दहा दिवसांत दारू उतरवलेली तिने डोळ्यांनी पाहिली होती. फरक असा की तेव्हा मेंदूला दारूच्या जागी गोळीचा आधार देऊन उतरवलं होतं. आता गोळीच उतरवायची होती, तिला दुसरा आधार नव्हता.

जुगारासाठी पहिले उपाय मनाचे नव्हते, वाटा अडवण्याचे होते. सगळ्या साइटींवर स्वतःला बंदी घालून घेणारे अर्ज, मोबाइलमध्ये अडवणारं सॉफ्टवेअर, बँकेकडून जुगाराचे व्यवहार बंद, पगाराचं खातं पत्नीच्या नजरेखाली. तलफ बऱ्याचदा अर्ध्या तासात ओसरते. पैसे आणि खेळ यांच्यात तेवढा वेळ घालता आला तरी खूप झालं. भाऊ सगळं कर्ज एकरकमी फेडायला तयार होता. बाईंनी त्याला थांबवलं. जुगाऱ्याचं कर्ज कुणी एका फटक्यात फेडलं की त्याच्या हिशेबात ती आणखी एक लागलेली बाजी ठरते. त्याऐवजी प्रत्येक देण्याची यादी, हप्त्यांची बोलणी, आणि हप्ता त्याच्याच पगारातून. १९५७ पासून चालत आलेल्या, जुगार सोडणाऱ्यांनीच चालवलेल्या गॅम्बलर्स अ‍ॅनॉनिमसच्या परंपरेतही या 'सुटके'ला विरोधच आहे. मला हा कठोर वाटणारा सल्ला बरोबर वाटतो. फक्त त्याला एक अपवाद हवा : वसुलीवाला घरी येऊन धमकावत असेल, तर आधी ते थांबवावं, तत्त्व नंतर पाळावं.

औषधांत नालट्रेक्सोन घेतलं. दारूच्या व्यसनासाठी अमेरिकेत त्याला १९९४ मध्ये मान्यता मिळाली. जुगारासाठी तिथे अशी मान्यता नाही, पण काही चाचण्यांत तलफ कमी झालेली दिसली आहे, आणि याला दारूचंही संरक्षण हवंच होतं. यकृताच्या तपासण्या करून आणि अफूवर्गीय वेदनाशामक चालू नाही याची खात्री करून ते सुरू झालं. डायसल्फिराम बंद केलं.

रात्रीचं काय करायचं

चौथ्या भेटीत बाईंनी एक कागद दिला : गेल्या आठवड्यातली प्रत्येक रात्र, तासागणिक. कधी आडवा झाला, कधी जागा, जागेपणी काय केलं. दारूची वर्षं, गोळीचं वर्ष, मोबाइलचे महिने हे सगळे त्या कागदावर पहाटे तीनच्या रकान्यात एकमेकांवर येऊन पडले. "दारू कशासाठी?" या प्रश्नाला तो नेहमी "मित्रांमुळे" म्हणायचा. रात्रीचा कागद पाहिल्यावर पहिल्यांदा म्हणाला, "मला तीन वाजता एकट्याने जागं राहता येत नाही."

प्रत्येक व्यसनामागे असं एक नेमकं कारण दडलेलं असतं आणि ते सापडलं की व्यसन गळून पडतं, ही समजूत मात्र मी इथेच मोडून ठेवतो. पंधरा वर्षांनी दारू स्वतःच स्वतःचं कारण झालेली असते. झोप सुधारली असती तरी हाताचा कंप थांबला नसता. कारण सापडल्याने व्यसन सुटत नाही. परत बोलावणारी एक मोठी वाट कुठली, एवढं मात्र कळतं.

निद्रानाशाची वर्तनोपचार पद्धत सुरू झाली. झोप येत नसेल तर वीसेक मिनिटांनी अंथरुणातून उठायचं. अंथरूण फक्त झोपेसाठी. रात्री काहीही झालं तरी उठण्याची वेळ ठरलेली. सुरुवातीला अंथरुणात घालवायचे तास मुद्दाम कमी. या शेवटच्या भागात फिटचा इतिहास असलेल्या माणसाबाबत सांभाळून जावं लागतं, कारण जागरणाने फिटचा धोका वाढतो. म्हणून तास थोडेच कमी केले. कारखान्याच्या डॉक्टरांच्या पत्रावर त्याला कायमची दिवसपाळी मिळाली. पगारातला रात्रपाळीचा भत्ता गेला, कर्जाचे हप्ते लांबले. घरात यावर आठवडाभर वाद झाला, आणि अखेर पत्नीनेच निर्णय घेतला.

परिसर बदलण्याचं वजन किती असतं याचा सगळ्यात प्रसिद्ध पुरावा ली रॉबिन्स यांच्या अभ्यासात आहे. व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकी सैनिकांपैकी फार थोडे मायदेशी परतल्यावर वर्षभरात पुन्हा त्या अवस्थेत गेले. पाळी बदलणं म्हणजे देश बदलणं नव्हे, पण पहाटे तीनला जागं असण्याचं एक कारण तरी गेलं.

घसरण

नवव्या महिन्यात स्लिप झाली. डायझेपाम बरंच खाली आलं होतं, झोप पुन्हा बिघडली होती. सहकाऱ्याचा मोबाइल मागून त्याने दोन रात्रींत तीन डाव लावले आणि आठवड्याच्या पगाराएवढे पैसे घालवले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दारूच्या दुकानाबाहेर तो थांबला होता. डोक्यात वाक्य होतं : सगळं गेलंच आहे, आता काय राहिलं? अ‍ॅलन मार्लॅट या मानसशास्त्रज्ञाने याच वाक्यावर बरंच काम केलं. एका चुकीला माणूस 'मी असाच आहे' याचा पुरावा मानतो आणि एका घोटाची बाटली होते. घसरणं आणि कोसळणं यांच्यामध्ये जे काही तास असतात, त्यांत काय करायचं हे आधी लिहून ठेवलेलं असावं लागतं. त्याच्याकडे लिहिलेलं होतं. त्याने फेलोशिपमधल्या (व्यसन सोडणाऱ्यांच्या परस्पर-मदत गटातल्या) स्पॉन्सरला, म्हणजे आधार देणाऱ्या जुन्या सदस्याला, फोन केला आणि त्या रात्री मीटिंगमध्ये सगळं सांगितलं.

पत्नीला दुसऱ्या दिवशी कळलं, आणि ती पैशांपेक्षा या गोष्टीवर जास्त भडकली. "आधी त्या परक्या माणसांना सांगितलंत. मी कोण?" बाईंनी हा राग सारवासारव करून मिटवला नाही. मीटिंगमध्ये सांगणं सोपं होतं, कारण तिथे कुणाचे पैसे गेले नव्हते. पत्नीला सांगणं अवघड होतं, कारण नुकसान तिचं होतं. पुढच्या चार भेटी दोघांच्या एकत्र झाल्या. त्याआधीपासून तीही स्वतंत्रपणे येत होती : खिसे तपासणं, मोबाइल उघडून पाहणं, टोमणे मारणं यांतून बाहेर पडायला, तो नीट असताना त्याच्यासोबत वेळ घालवायला आणि तो खेळलेला असताना परिणाम झाकायला न धावायला शिकत होती. कुटुंबाला असं तयार करण्याची क्राफ्ट नावाची पद्धत आहे. व्यसनी माणूस उपचाराला यायला तयार नसतो तेव्हा तिचा विशेष उपयोग होतो.

डायझेपामची घट काही काळ थांबवली, मात्रा वाढवली नाही. दहा महिन्यांचा उतार तेरा महिन्यांचा झाला.

दोन वर्षांनंतर

गोळी पूर्ण बंद होऊन अकरा महिने झालेत. फिट पुन्हा आलेली नाही. दारू नाही. जुगाराची त्या एका घसरणीनंतर नोंद नाही, आणि ही नोंद पत्नी, बँक-खातं आणि तो या तिन्ही बाजूंनी जुळते. झोप साडेपाच-सहा तास. त्याला ती कमी वाटते, पण पहाटे जाग आली तर तो उठून बाहेरच्या खोलीत बसतो, आणि मोबाइल रात्री पत्नीच्या कपाटात असतो.

सिगारेट अजून आहे. एका वेळी एकच व्यसन सोडावं, नाहीतर सोडलेलं परत येतं, असा जुना समज फेलोशिपमध्येही होता. तंबाखू सोबतच सोडल्याने दारूमुक्ती ढासळते असं अभ्यासांत दिसलेलं नाही, उलट काहींना मदतच होते. तरी त्याच्या बाबतीत औषध निवडताना अडचण होती. बुप्रोपिऑनमुळे फिटचा धोका वाढतो, त्यामुळे ते बाद. व्हॅरेनिक्लिनबाबतही फिटचा इतिहास असलेल्यांना सावधगिरीची सूचना आहे. निकोटिनचे पॅच आणि च्युइंगम यांवर वीसच्या पाच सिगारेटी झाल्या आहेत. पाचच्या शून्य करण्याची त्याला सध्या इच्छा नाही, आणि तसं तो स्पष्ट सांगतो. पूर्वी तो "उद्यापासून बंद" म्हणाला असता.

कर्ज निम्म्याहून थोडं जास्त फिटलंय. खात्यावरचं पत्नीचं नियंत्रण सहा-सहा महिन्यांच्या मुदतीने आहे आणि दर मुदतीला बसून ते चालू ठेवायचं का ठरवतात. मागच्या वेळी तो म्हणाला की आता त्याला स्वतःचं कार्ड हवं. ती नाही म्हणाली. ठरलं असं की ठरावीक मर्यादेचं कार्ड मिळेल आणि त्याचा हिशेब दोघांना दिसेल. मुलगी आता चौदा वर्षांची आहे आणि वडिलांशी मोजकंच बोलते. तिच्यासाठी वेगळी समुपदेशक सुचवली होती, ती अजून गेलेली नाही.

पुढच्या भेटीत ठरवायचा मुद्दा नालट्रेक्सोनचा आहे. त्याला ते बंद करायचंय, कारण रोजची गोळी त्याला जुने दिवस आठवून देते. या गोळीची सवय लागत नाही, हे त्याला समजावून झालंय. त्याला ते माहीतही आहे. पत्नीला ते चालू हवंय. डॉक्टरांचा कल आणखी सहा महिने ठेवून, मग झोपेचा कागद पुन्हा भरून बंद करून पाहण्याकडे आहे.